इथं किती जणींना मूल झालं?

२०२४ च्या मार्चमध्ये पंजाबात दिवंगत गायक सिद्धू मूसेवालांच्या आईने ५८व्या वर्षी आयव्हीएफने, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराने, मुलाला जन्म दिला आणि राजकारण पेटलं. कायद्यात या उपचारासाठी स्त्रीची वयोमर्यादा ५० आहे, म्हणून केंद्राने राज्याकडे अहवाल मागितला, पक्ष एकमेकांवर तुटून पडले. मँचेस्टरला बसून ते वाचताना मला आठवत होती सोलापूरची वहिनी. वय ३४, कायद्यात अगदी बसणारी.

अक्कलकोट रोडला दादाचे चार यंत्रमाग होते. दोन वर्षांत वहिनीच्या तीन ट्रान्सफर झाल्या, म्हणजे तीनदा गर्भ पोटात सोडला. आधी तिच्या पाटल्या गेल्या, मग दोन माग. दर वेळी बीटा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह, आणि दर वेळी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी होतंय की." वर एखादी नवी तपासणी, नवं इंजेक्शन.

मी फोनवर विचारलं, "तुझ्या वयाच्या किती जणींना तिथं मूल झालं, विचारलंस का?"

"डॉक्टरला असं विचारायचं असतंय व्हय, ताई?"

विचारायचं असतं. खरं तर तिने विचारायचीही गरज नाही. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याच्या कलम २१ नुसार, त्या क्लिनिकात यशाची शक्यता किती हे क्लिनिकनेच जोडप्याला समजावून सांगायचं आहे. उपचारांचे निकाल राष्ट्रीय नोंदवहीत जमा करण्याचीही त्यात तरतूद आहे. वयावरून भांडणाऱ्या नेत्यांनी मला एवढंच सांगावं: ते निकाल वहिनीला, मराठीत, कधी वाचायला मिळणार?

ब्रिटनमध्ये १९९० च्या कायद्याने आलेलं एचएफईए हे नियामक मंडळ परवाना असलेल्या क्लिनिकांचे निकाल लोकांसमोर ठेवतं. पैसे घेऊन जोडल्या जाणाऱ्या जादा उपचारांना किती पुरावा आहे, तेही सांगतं. इथेही अन्याय आहेच. एनएचएसकडून, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, मोफत उपचार किती वेळा मिळणार, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. पण माझी इथली मैत्रीण आकडे बघूनच क्लिनिकात गेली. डॉक्टरांनी तिच्या वयाचा आकडा कागदावर लिहून दिला. ती रडली, आणि एकदाच प्रयत्न करायचा असं तिने ठरवलं.

आकडे उघड केले तर क्लिनिकं अवघड केस नाकारतील, असं डॉक्टर म्हणतात. भीती खरी आहे. मग वयोगटाप्रमाणे आकडे द्या. चाळिशीतल्या बाईची तुलना पंचविशीतलीशी कशाला? पण ही भीती पुढे करून आकडाच न सांगणं मला मान्य नाही. पाटल्या वहिनीच्या होत्या.

चौथ्या ट्रान्सफरबद्दल बोलायला ती पुढच्या सोमवारी जाणार आहे. कलम २१ मी मराठीत लिहून पाठवलंय. दादाने त्याची प्रिंट काढून तिच्या फाइलीत सगळ्यात वर लावली आहे.