गॅसिफायरमध्ये काहीही टाका, वायू सारखाच मिळतो? नाही!

लाकूड असो की पेंढा, गॅसिफायरमध्ये (म्हणजे अशा इंधनापासून जळणारा वायू बनवणाऱ्या भट्टीत) सगळं सारखंच जळतं, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मुळात तिथे पूर्ण जळू द्यायचंच नसतं. हवा मुद्दाम कमी ठेवतात. लाकूड-पेंढ्यात कमी-जास्त प्रमाणात असलेले तीन मुख्य घटक तापल्यावर वेगवेगळे वागतात. हेमिसेल्युलोज साधारण 220 ते 315 अंश सेल्सिअसला विघटित होतं, सेल्युलोज 315 ते 400 ला, तेही झपाट्याने. लिग्निन मात्र भारी चिवट: 160 पासून पार 900 पर्यंत रेंगाळत विघटित होतं आणि सर्वांत जास्त कोळसा मागे ठेवतं. खरी कसोटी या कोळशाचीच. तापलेल्या कोळशाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया झाली, तरच त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हाती येतात. शिवाय पेंढ्यातल्या पोटॅशियममुळे राख लवकर वितळते आणि जाळीवर काचेसारखे खडे धरतात.