नदीला फ्लास्कचे नियम लागू होतात का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

मुळा-मुठेच्या पाण्यातील सेंद्रिय अभिक्रियांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया काळजीपूर्वक वाचली. कुरकुंभच्या कारखान्यात वर्षानुवर्षे प्रोसेस डेव्हलपमेंटचे काम केलेल्या माणसाची हरकत दोन ओळींच्या उत्तरावर सोडून देणे योग्य वाटले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की संश्लेषणाच्या, म्हणजे प्रयोगशाळेत नवे रेणू घडवण्याच्या, अभिक्रिया नदीत होतात हे विधानच दिशाभूल करणारे आहे. रिअ‍ॅक्टरमध्ये आपण द्रावण तीव्र ठेवतो, तापवतो आणि पाणी कटाक्षाने बाहेर ठेवतो, तर नदीत तीच द्रव्ये लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढीच, थंड आणि पाण्यातच असतात. त्यामुळे तिथे जे घडते ते जिवाणूंचे काम, रसायनशास्त्राचे नव्हे. नळाच्या पाण्यातील क्लोरोफॉर्मचा उल्लेख करून मी वाचकांना उगाच घाबरवले, असेही आपण म्हटले आहे आणि शेवटी सामान्य माणसाने यावर करायचे तरी काय, असा प्रश्न विचारला आहे.

सर्वांत वजनदार हरकत विरलतेची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. अभिक्रियेतले दोन्ही भिडू, म्हणजे एकमेकांशी जुळणारी दोन्ही द्रव्ये, अत्यल्प असतील तर आपले म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पाण्यात डील्स-आल्डर अभिक्रिया (दोन रेणू जुळून वलय बनण्याची) किती वेगाने होते हे ब्रेस्लो आणि राइडआउट यांनी १९८० मध्ये दाखवले; सायक्लोपेंटाडाइन आणि मिथाइल व्हायनिल कीटोन यांची जोडी पाण्यात आयसोऑक्टेन या तेलासारख्या द्रावकाच्या तुलनेत सुमारे ७०० पट वेगाने जुळते. (पाणी हा सेंद्रिय अभिक्रियांचा शत्रू आहे, या आपल्या वाक्याला एवढे एक उदाहरण पुरे व्हावे. पाणी अजिबात न चालणारी ग्रिन्यार्ड अभिक्रिया करणाऱ्याने सॉल्व्हंट सोडियमवर सुकवावेच, पण त्यावरून सगळ्या सेंद्रिय रसायनाविषयी नियम काढू नये.) मात्र तीच दोन द्रव्ये प्रत्येकी लिटरला एक नॅनोमोल इतकी विरल करून नदीत सोडली, तर त्या वेगानेसुद्धा त्यांतली निम्मी जुळायला सातशेहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा नदीत डील्स-आल्डर होत नाही, आणि होते असे लेखात कुठेही म्हटलेले नाही.

परंतु नदीतील बहुतेक अभिक्रियांत एक भिडू अत्यल्प आणि दुसरा मुबलक असतो. तो दुसरा म्हणजे पाणी, हायड्रॉक्साइड, क्लोराइड, सूर्यप्रकाश किंवा विरघळलेला ऑक्सिजन. अशा वेळी अभिक्रिया आभासी प्रथम कोटीची होते, म्हणजे तिचा वेग फक्त विरल भिडूच्या प्रमाणात बदलतो, आणि तिचा अर्धायुष्यकाल (निम्मे द्रव्य संपायला लागणारा वेळ) विरल भिडूच्या प्रमाणावर अवलंबून राहत नाही. ग्रॅम असो वा नॅनोग्रॅम, निम्मे संपायला तितकाच वेळ लागतो. हे आपण कारखान्यात रोज वापरता, फक्त तिथे मुबलक भिडू आपण स्वतः ओतलेला असतो.

इथाइल अ‍ॅसिटेट या साध्या एस्टरचेच पाहू, कारण त्याचे आकडे पदवीच्या प्रात्यक्षिकातही येतात. २५ अंश सेल्सिअसला हायड्रॉक्साइडमुळे होणाऱ्या त्याच्या जलापघटनाचा (पाण्यात फुटण्याचा) वेगस्थिरांक साधारण ०.११ लिटर प्रति मोल प्रति सेकंद आहे. लिटरला ०.१ मोल कॉस्टिक सोडा असेल, म्हणजे सामू (pH) १३ असेल, तर निम्मे एस्टर एका मिनिटाच्या आसपास फुटते. सामू ७ ला हायड्रॉक्साइड दहा लाख पटींनी कमी, म्हणून वेळ दहा लाख पट अधिक, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. अभिक्रिया तीच, यंत्रणा तीच, वेगस्थिरांकही तोच. बदलली ती एका आयनाची उपलब्धता. आता सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावरून येणारे आपल्याकडचे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असते. सामू ८ धरला तर दोन वर्षांचे अडीच महिने होतात. उन्हाळ्याच्या दुपारी शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात प्रकाशसंश्लेषणामुळे कार्बन डायऑक्साइड शोषला जातो आणि सामू ९ च्या वर चढू शकतो. तो तिथेच टिकला तर एक आठवडा पुरेल, पण टिकत नाही, रात्री शेवाळाच्या श्वसनाने पुन्हा खाली येतो. याच कारणाने मॅलेथिऑनसारखी कीटकनाशके बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुना यांच्या फवाऱ्यात) एकत्र करू नयेत असे द्राक्ष बागायतदारांना सांगितले जाते. चुन्याच्या सान्निध्यात औषध टाकीतच निकामी होऊ लागते.

इथे जिवाणूंविषयीचा आपला मुद्दा येतो, आणि एस्टरांच्या बाबतीत तो मला मान्य आहे. खडकवासल्याचे पाणी उजनीपर्यंत जायला दोन वर्षे लागत नाहीत. तेवढ्या प्रवासात इथाइल अ‍ॅसिटेट संपते ते मुख्यतः जिवाणूंच्या विकरांमुळे. पण त्यावरून सर्वसाधारण नियम काढता येणार नाही. समुद्रात तयार होणाऱ्या मिथाइल आयोडाइडचे क्लोराइडशी प्रतिष्ठापन होऊन मिथाइल क्लोराइड बनते, आणि त्याला कोणत्याही जिवाणूची गरज लागत नाही. ही तर क्लोराइडच्या जागी आयोडाइड बसवणारी फिंकलस्टाइनची अभिक्रिया, उलट दिशेने. प्रयोगशाळेत सोडियम क्लोराइड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, साक्याच्या रूपाने खाली बसते आणि समतोल आयोडाइडकडे झुकतो. समुद्रात लिटरला अर्ध्या मोलाहून अधिक क्लोराइड असल्यामुळे तो उलटा झुकतो.

यील्डविषयी, म्हणजे हव्या त्या उत्पादाच्या टक्केवारीविषयी, आपण जे लिहिले आहे, तिथे मात्र आपल्या दोघांच्या दृष्टीत खरा फरक आहे. दोन-चार टक्क्यांचा साइड प्रॉडक्ट म्हणजे आपल्या दृष्टीने मदर लिकरमध्ये (स्फटिक काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) जाणारा कचरा. वर्क-अप (अभिक्रियेनंतरची धुणे-वेगळे करणे) झाला, स्फटिकीकरण झाले, विषय संपला. नदीला वर्क-अप नाही आणि शुद्धीकरणाचा कॉलमही नाही. साबण आणि टूथपेस्टमध्ये वापरल्या गेलेल्या ट्रायक्लोसॅन या जंतुनाशकाचा सामू आठच्या आसपास सुमारे निम्मा भाग फिनोलेट (हायड्रोजन आयन गमावलेल्या) रूपात असतो, आणि ते रूप सूर्यप्रकाश चांगला शोषते. प्रकाशात ते मोडते तेव्हा एक छोटा वाटा रेणूअंतर्गत वलयबंदी होऊन २,८-डायक्लोरोडायबेंझोडायॉक्सिनमध्ये जातो. हे कुप्रसिद्ध टेट्राक्लोरो डायॉक्सिन नव्हे, आणि तसे सुचवून कोणी बातमी केली तर मी आपल्याच बाजूने उभा राहीन. मुद्दा एवढाच, की ज्याला आपण तपकिरी बाटलीत ठेवून टाळतो ती प्रकाश-अभिक्रिया उघड्या पात्रात टळत नाही, आणि तिच्या उत्पादांकडे यील्डच्या नजरेने पाहून चालत नाही.

आता क्लोरोफॉर्म. आयोडोफॉर्म चाचणी आपणही केली असेल: कीटोनमध्ये आयोडीन आणि अल्क घातले की परीक्षानळीत पिवळा साका बसतो आणि जुन्या दवाखान्याचा वास येतो. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी दाखवले, की कच्च्या पाण्यात नसलेले क्लोरोफॉर्म क्लोरिन दिल्यानंतर तयार होते. ते त्याच, आयोडोफॉर्म-क्लोरोफॉर्म देणाऱ्या, हॅलोफॉर्म कुळातील अभिक्रियेने, कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेल्या ह्यूमिक द्रव्यांपासून. आपण विचारता, सामू ७ ला अ‍ॅसिटोनपासून क्लोरोफॉर्म होईल का? जवळजवळ नाहीच, कारण तिथे इनोलेट (क्लोरिनशी जुळणारे कीटोनचे क्रियाशील रूप) तयार होण्याची पायरीच अत्यंत संथ असते, आणि त्या पायरीला क्लोरिन किती आहे याने फरक पडत नाही. पण ह्यूमिक द्रव्यांत रिसॉर्सिनॉलसारखी वलये असतात. दोन हायड्रॉक्सिल गटांच्या मधल्या कार्बनवर क्लोरिन झपाट्याने बसतो, वलय तुटते आणि तोच कार्बन क्लोरोफॉर्म होऊन बाहेर पडतो. हे तासांत होते. पाठ्यपुस्तकातील उदाहरण नदीला जसेच्या तसे लागू पडत नाही, यंत्रणा मात्र पडते, आणि योग्य पूर्वद्रव्य कोणते हेही तीच सांगते.

घाबरवण्याच्या आरोपाबद्दल: क्लोरिन बंद करावा असे मी लिहिलेले नाही आणि कोणी म्हटल्यास विरोध करीन, कारण पटकी आणि विषमज्वर यांच्यापुढे हा धोका फारच लहान आहे. भारतीय मानक १०५०० मध्ये क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे, आणि त्याच मानकात उर्वरित मुक्त क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असेही म्हटले आहे. दोन्ही अटी एकत्र पाळता येतात. तुरटी आणि गाळणी यांनी ह्यूमिक द्रव्ये शक्य तितकी काढून मग क्लोरिन द्यावा, कच्च्या पाण्यालाच आधी जास्तीचा डोस देऊ नये. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याला हे विशेष लागू आहे.

सामान्य माणसाने काय करावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर पुण्यातील पुष्कळ घरांत रोज घडतेच आहे. क्लोरोफॉर्म ६१ अंशांच्या आसपास उकळते. पिण्याचे पाणी उकळताना पातेल्यावर झाकण न ठेवता ते पाच-दहा मिनिटे खळाळू द्यावे आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी. क्लोरोफॉर्मचा मोठा भाग वाफेबरोबर निघून जातो. झाकण पाणी निवायला ठेवताना घालावे.