‘विषय काढू नका’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. वर ‘परखड पण सत्य’ असा मथळा, खाली जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. मजकूर थोडक्यात असा: आत्महत्या म्हणजे पळपुटेपणा. आपल्या आजोबांच्या काळी खाणारी तोंडं दहा आणि कमावता एक, तरी कुणाला डिप्रेशन आलं नाही. हे शहरी चोचले आहेत. जो बोलून दाखवतो तो काही करत नाही. ज्याने ठरवलंच आहे त्याला ब्रह्मदेवही अडवू शकत नाही. मुलांसमोर हा विषय काढू नका, डोक्यात नसेल ते भरेल. आणि ज्या घरात असं घडलंय तिथे गेलेल्याचं नाव काढू नका, घरच्यांना त्रास होतो.

यंदा तो माझ्या एका मामेभावाने टाकला. खाली अकरा अंगठे. माझा धाकटा भाऊ असाच गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या अकरा जणांतले निम्मे त्याच्या दहाव्याला आले होते. त्यांच्या मनात वाईट काही नाही हे मला पक्कं माहीत आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे आणि त्यातली दोन-तीन जिवावर बेतणारी आहेत. म्हणून एकेक घेते.

सर्वांत आधी ‘विषय काढू नका’, कारण ही भीती माझीही होती. भाऊ जाण्याआधीच्या काही महिन्यांत मला त्याला विचारायचं होतं. दोनदा तोंडाशी आलेलं गिळलं. वाटायचं, आपण बोललो आणि त्याच्या डोक्यात तेच बसलं तर? ही भीती खरी आहे का, हे संशोधकांनी तपासून पाहिलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ मुलांवरचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना पहिल्याच प्रश्नावलीत मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना विचारलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा सगळ्यांची चौकशी केली. ज्यांना विचारलं होतं त्यांच्यात असे विचार वाढलेले नव्हते. उलट जी मुलं आधीच खचलेली होती, त्यांचा त्रास विचारल्यानंतर कमी दिसला. नंतर इतर ठिकाणच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही विचारल्याने नुकसान झाल्याचं दिसलं नाही.

मेसेजच्या या वाक्यात सत्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. कसं बोलतो याने फरक पडतो. कुणी कसा जीव दिला याची बारीक वर्णनं, फोटो, ‘प्रेमासाठी दिला प्राण’ छापाचे मथळे, यांनी आधीच कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला धक्का लागतो. व्हिएन्नात १९८७ मध्ये वर्तमानपत्रांनी अशा बातम्या छापण्याची पद्धत बदलली, तेव्हा तिथल्या मेट्रोतल्या घटना एकदम घटल्या. आपल्याकडे प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये वृत्तपत्रांना तसे नियम घालून दिले. म्हणजे टाळायचं आहे ते रंगवून सांगणं. समोरच्याला जवळ बसवून विचारणं ही वेगळीच गोष्ट आहे.

आणि विचारायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. आपण विचारतो, “तुझ्या मनात काही भलतंसलतं नाही ना?” त्या ‘नाही ना’मध्ये उत्तर आधीच ठरलेलं असतं. समोरचा “छे छे” म्हणतो आणि आपण सुटलो असं दोघांनाही वाटतं. सरळ विचारावं: “तुला जीव नकोसा झालाय का? मरून जावं असं मनात येतं का?” विचारून गप्प बसावं. उत्तर ‘हो’ आलं तर “वेडा आहेस का, आईबापाचा विचार कर” हे वाक्य गिळून टाकावं. “कधीपासून?” एवढंच पुष्कळ आहे. काही करायचं ठरवलंय का, हेही विचारावं. ठरवलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं. आणि त्याच्यासमोर बसूनच १४४१६ लावावा. हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या फोनवरून मानसिक मदत देणाऱ्या सेवेचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येतं. ज्याला त्रास आहे त्यानेच फोन करावा असंही नाही. ‘माझ्या बहिणीला असं असं होतंय, मी काय करू’ हे विचारायलाही तो आहे.

आता ‘जो बोलतो तो करत नाही’. याच्याइतकं घातक वाक्य दुसरं नाही. जीव देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी कुणाला तरी काही ना काही सांगितलेलं असतं. फक्त ते ‘मी मरणार आहे’ असं नसतं. “आता सुटका झाली म्हणजे बरं”, “माझं ओझं किती दिवस वाहणार तुम्ही”, “माझ्यामागे पोरांकडे बघ”. कुणी जपलेल्या वस्तू वाटून टाकतो, कुणी उधाऱ्या चुकत्या करतो. माझ्या भावाने त्याचं घड्याळ माझ्या मुलाला दिलं होतं. आम्हाला कौतुक वाटलं होतं. ‘लक्ष वेधून घेतोय’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन: वेधतोय, तर द्या ना लक्ष.

‘ठरवलंय त्याला ब्रह्मदेवही अडवू शकत नाही.’ मरणाची ओढ सतत एकाच जोराची नसते. ती लाटेसारखी येते, शिगेला पोचते, ओसरते, आणि त्याच माणसाला त्याच क्षणी जगायचंही असतं. अमेरिकेत एका पुलावरून परत आणलेल्या ५१५ जणांचा माग एका संशोधकाने काढला, तो अभ्यास १९७८ चा. कित्येक वर्षांनंतर पाहिलं तर त्यातले ९० टक्क्यांहून जास्त लोक जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. अडवलं म्हणून त्यातले बहुतेक जण दुसरीकडे जाऊन तेच करून आले नाहीत. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून सर्वांत जहरी कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. शेती बुडाली नाही. म्हणून घरात कुणी खचलेलं असेल तर फवारणीचं औषध, गोळ्यांचा साठा, जे धोक्याचं आहे ते काही दिवस दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं. त्या एका रात्रीपुरतं अंतर पडलं तरी पुष्कळ असतं.

आजोबांच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं आहे, ठाण्याचं १९०१ चं. ती कुणासाठी बांधली? आणि १८६० च्या दंडसंहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ३०९ कलम होतं, ते कशासाठी घातलं होतं? माणसं तेव्हाही जात होती. घरात ‘विहिरीवर पाय घसरला’ एवढंच सांगितलं जायचं.

शहरी चोचल्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण त्याला उत्तर विदर्भानेच दिलंय. अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं: कुणाची झोप उडालीय, कुणाचं कशात मन लागत नाही, त्याच्याशी बोलायचं, गरज असेल तर समुपदेशकाकडे, पुढे डॉक्टरकडे. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षात ते २७ वर गेले. मरणाचे विचार येतात असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. ही कापूस-सोयाबीनची गावं आहेत. दारात आलेल्या ओळखीच्या माणसापाशी लोक बोलले. चोचले असते तर कुणी तोंड उघडलं नसतं.

राहिला पळपुटेपणा. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येने गेली. त्यात महाराष्ट्रातली २२,७४६, सगळ्या राज्यांत जास्त. गेलेल्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त लोक रोजंदारीवर काम करणारे होते. सकाळी नाक्यावर उभं राहून दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसाला पळपुटा म्हणण्याआधी जरा थांबा. एकाच कारणाने कुणी जात नाही. आजार, कर्ज, घरातली भांडणं, दारू, मोडलेली झोप, हे एकमेकांत गुंतत जातं आणि माणसाला दुसरी वाट दिसेनाशी होते. कायद्यानेही आता हे मान्य केलंय. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. जुनं ३०९ कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलंच नाही. तरी पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात ‘चुकून झालं’ असं सांगून माणसाला घरी आणणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आपण वापरतो तो शब्दसुद्धा ‘हत्या’ घेऊनच येतो. म्हणून मी ‘आत्महत्या केली’ म्हणत नाही, ‘आत्महत्येने गेला’ म्हणते. एवढ्याने आईच्या चेहऱ्यावर फरक पडतो, मी बघितलंय.

आणि शेवटचं, नाव न काढण्याचं. भाऊ गेल्यावर आमच्या घरी दोन प्रकारची माणसं आली. काहींनी विचारलं, “कसं केलं? चिठ्ठी होती का? तुम्हाला कळलं कसं नाही?” हे तीन प्रश्न आम्ही रोज रात्री स्वतःलाच विचारत होतो. बाकीच्यांनी त्याचं नाव टाळलं. पाऊसपाण्याच्या गप्पा मारून, चहा घेऊन गेली. महिन्याभरात तीही यायची थांबली. फोटोला हार घातलेला आणि नाव मात्र कुणाच्या तोंडी नाही. आई म्हणायची, “असा होता तरी का गं माझा मुलगा, का मलाच वाटतंय?” अशा घरातल्या माणसांना पुढे स्वतःच जीव नकोसा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्या घरापासून लांब राहणं म्हणजे तो धोका तसाच सोडून देणं.

फक्त समोरच्या काकू दर गुरुवारी येत राहिल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात आमटीचं पातेलं होतं. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी आईला विचारलं, “त्याला कशी आवडायची हो, घट्ट का पातळ?” आई थबकली. मग म्हणाली, “पातळ. भातावर ओतून भुरकायचा.” आणि तेरा दिवसांत न रडलेली माझी आई तिथे खाली बसून रडली. काकूंनी गॅस बारीक केला आणि शेजारी बसल्या. ‘रडू नका’ म्हणाल्या नाहीत, ‘देवाला आवडला’ म्हणाल्या नाहीत. आईला त्रास झाला का? झाला. त्या रात्री ती पहिल्यांदा जेवली.

मामेभावाला मी ग्रुपवर उत्तर दिलं नाही, फोन केला. त्याला म्हटलं, मेसेज काढ, आणि पुढच्या बुधवारी घरी ये, माझ्या भावाचा वाढदिवस असतो. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, शाळेत असताना तो माझ्या सायकलवर डबलसीट यायचा. आत्यासमोर हे बोललेलं चालेल का?” म्हटलं, तेच बोलायला ये.