नव्वद हजारांचं मनगट

महागडं स्मार्टवॉच घ्यावं की नाही, असा विचार करत बसला असाल तर आधी तो विचार थांबवा. विचार करून कोणी एवढं महाग काही घेत नाही. तीन-चार हजारांचं तर मुळीच घेऊ नका. वेळ, पावलं, नाडी तेही दाखवतं, पण लोकांना तुम्ही काय दाखवणार? थेट ॲपलचं अल्ट्रा घ्या. 2022 साली ते आपल्याकडे आलं तेव्हा किंमत होती 89,900 रुपये. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये, म्हणजे साधारण अकरा क्विंटल कापूस मनगटावर. हमीभाव मिळाला तर, बरं का. व्यापाऱ्याने ओलावा दाखवून भाव पाडला तर आणखी दोन-तीन क्विंटल धरून चाला.

ॲपलचंच साधं मॉडेल घेऊन पैसे वाचवू म्हणाल तर फसाल. ते 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो. म्हणजे ते घड्याळ दिवाळी ते महाशिवरात्र घालायचं आणि पुढे माठाशेजारी ठेवायचं. अल्ट्राला मात्र 55 अंशांपर्यंत चालतं. घड्याळाची काळजी मिटली. तुमचं तुम्ही बघा, डोक्याला रुमाल बांधा, खिशात कांदा ठेवा. शिवाय ते घालून 40 मीटर खोल पाण्यात उतरता येतं. एप्रिलात गिरणा नदीच्या कोरड्या पात्रात ही सोय फार कामाची.

आता पावलं. रोज दहा हजार चालायचा आकडा कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून आलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या जाहिरातीतून तो जगभर गेला. पण आकडा गोल आहे, तेवढं पुरे. घड्याळ पावलं मोजतं ते मुख्यतः हाताच्या झोक्यावरून. म्हणून जळगावच्या मेहरुण तलावाला फेरी मारताना हात मोकळे सोडा, ऐटीत झुलवा. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेतल्या मजुरासारखं चालू नका. तो खांद्यावर घड घेतो, एका हाताने तो घट्ट धरतो, चिखलातून वाट काढत गाडीपर्यंत जातो, घड उतरवतो आणि पुन्हा बागेत शिरतो. दिवसभर हेच. घड धरलेल्या हाताला घड्याळ बांधलं तर त्यातली कितीतरी पावलं मोजलीच जाणार नाहीत. घड्याळाच्या हिशेबी तो गडी बसूनच होता. तुमचे आकडे कमी पडलेच तर आई बट्ट्यांचं पीठ मळायला बसली की घड्याळ तिच्या हातात घाला.

दर तासाला ते तुम्हाला उभं राहायची आठवणही करतं. भरीत पार्टीच्या पंगतीत नेमकी ही आठवण आली तर उठू नका. वाढपी पुढे निघून जातो आणि कळण्याची पुरी दुसऱ्या फेरीला गरम येत नाही.

झोपेचे गुणही मिळतात. शेतीची लाईट रात्री अकराला येणार असेल आणि तुम्ही पाणी भरायला निघाला असाल, तर सकाळी घड्याळ सांगेल की तुमची झोप नीट झाली नाही. नव्वद हजार देऊन ही बातमी कळते.

एवढ्यात कोणीतरी हृदयाचा मुद्दा काढेलच. ईसीजी निघतो हे खरं, पण एका लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा. दवाखान्यात बारा लीडचा काढतात. हार्ट अटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही, हेही कंपनीच लिहून देते. मात्र ठोके अनियमित पडत असतील तर ते इशारा देऊ शकतं, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी पडल्यावर आपोआप फोन लावायची सोय मोलाची आहे. म्हणून तर आपण गावी राहणाऱ्या आबांना बटणांचा फोन घेऊन देतो आणि स्वतःच्या तिशीतल्या हृदयासाठी अल्ट्रा. आणखी एक, हे मात्र गमतीत घेऊ नका: सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारं घड्याळ कोणी स्वस्तात देत असेल तर त्यावर औषधाचा डोस ठरवू नका. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्ये तसं बजावलंय. असल्या एकाही घड्याळाला त्यांची मान्यता नव्हती.

जळगावात राहता म्हटल्यावर तेवढ्याच पैशांत सोनं घ्या म्हणणारे भेटतील. दुर्लक्ष करा. जुनी पाटली मोडायला नेली तर सराफ घट धरतो, पण पैसे मोजून देतो. चार वर्षांचं घड्याळ नेलं तर चहा पाजून परत पाठवेल. उलट सोन्यावर जीएसटी 3 टक्के आणि घड्याळावर 18, म्हणजे देशसेवाही घड्याळातच जास्त.

राहता राहिला किमतीचा प्रश्न. "कितलाले लिधं भो?" हे कोणीतरी विचारणारच. बायकोसमोर अर्धी किंमत सांगा, शालकासमोर पूर्ण. दोघं एकदम समोर आले तर मनगट वर करून "अरे, उशीर झाला" म्हणा आणि निघा. तेवढं काम घड्याळ अगदी अचूक करतं.