विद्यार्थ्याचं वय

“विद्यार्थ्याचं वय?”

“48.”

“नाही, विद्यार्थ्याचं.”

“विद्यार्थ्याचंच सांगतोय.”

पलीकडे जरा शांतता. मग आवाज मऊ झाला. “आधी कुठे शिकलायत का?”

“नाही.”

“म्हणजे तसं गाता, फक्त रीतसर शिकला नाहीत?”

“नाही, तसंही गात नाही.”

यानंतरची शांतता मात्र दोन मिनिटं उभं राहून पाळतात त्या जातीची होती.

असे नऊ फोन झाले. साडेचारची बॅच छोट्यांची, सहाची परीक्षेला बसणाऱ्यांची, साडेसातची अ‍ॅडव्हान्स. एके ठिकाणी मोठ्यांची बॅच आहे म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलोच, पण ती ‘थोडंफार गाणाऱ्यांची’ निघाली. म्हणजे गाणं येत असेल तर गाणं शिकवतात. गाडी शिकायला गेलेल्याला कुणी म्हणत नाही, की आधी घाटातून एक चक्कर मारून दाखवा, मग बघू. पोहण्याच्या क्लासला तर बुडणारा माणूस हाच लायक उमेदवार. गाण्यातच तेवढं बुडणाऱ्याला काठावरून विचारतात, “आधी कुठे पोहला होतात?”

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, तेही सांगून टाकतो. कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने एकदा मला गुणगुणताना ऐकून विचारलं, “बाबा, हे कुठलं गाणं?” मी म्हटलं, “अगं, तू लहान असताना रोज म्हणायचो की! या अंगाईने तर तुला झोप लागायची.” ती म्हणाली, “लागायची नाही. मी सोंग घ्यायचे. झोपले की तू थांबायचास.”

चार वर्षं! ते पोर चार वर्षं डोळे मिटून पडून राहायचं आणि मी पांघरूण सारखं करून, आपल्या गळ्यावर खूश होऊन, बाहेर यायचो.

तसा इशारा मला फार आधी मिळाला होता. शाळेच्या समूहगीतात बाईंनी तालमीच्या दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, “तू नुसते ओठ हलव हं, बाळा.” उंची कमी म्हणून मी पहिल्या रांगेत होतो, त्यामुळे काढून टाकलं असतं तर दात पडल्यासारखी फट दिसली असती. तीन स्नेहसंमेलनांत मी पहिल्या रांगेत उभा राहून, भावपूर्ण चेहऱ्याने, आवाज न काढता गायलो.

मुलीच्या त्या वाक्यानंतर मी आधी आजार शोधला. आपल्या वयाला हे बरं जमतं. अम्युझिया नावाची एक अवस्था खरंच असते. काही थोड्या लोकांना ती जन्मतःच असते आणि दोन सुरावटींतला फरक त्यांना कळतच नाही. मी आशेने एक चाचणी दिली. दोन धून ऐकवतात, सारख्या की वेगळ्या ते सांगायचं. मी बहुतेक सगळ्या बरोबर सांगितल्या. गेलं, वैद्यकीय कारणही हातचं गेलं. वर आणखी वाचायला मिळालं, की बेसूर गाणाऱ्या बऱ्याच जणांचे कान ठणठणीत असतात. ऐकलेला सूर गळ्यातून नेमका काढायचं नियंत्रण तेवढं नसतं. थोडक्यात, आपण वाईट गातो हे कळण्याइतका मी संगीतातला जाणकार होतो.

दहाव्या फोनवरच्या गृहस्थांनी नकार दिला नाही. म्हणाले, “एक व्हॉइस नोट पाठवा, काहीही गा.” बाथरूममध्ये जाऊन गायलो. गाताना बरा वाटत होतो. मग ऐकलं, आणि ही दुसऱ्याच कुणाची तरी नोट आहे अशी माझी खात्री पटली. याला शास्त्रीय कारण आहे. बोलता-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही पोचतो, आणि हाडांतून येताना त्याला खर्जाची एक भरदार झालर लागते. रेकॉर्डिंगमध्ये ती झालर नसते. म्हणजे मी जो आवाज 48 वर्षं माझा समजत होतो, तो फक्त माझ्या कवटीपुरता होता. बाकी जगाकडे पहिल्यापासून ही दुसरी आवृत्ती होती आणि कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. सॉरी, बाई बोलल्या होत्या.

नोट पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून यायचंय.

मग ऑनलाइन क्लास. शिक्षक सज्जन. म्हणाले, “माझ्याबरोबर म्हणा.” पण आवाज इंटरनेटवरून जायला-यायला जो क्षणभर वेळ लागतो, त्यात सगळा घोळ. ते ‘ग’वर असताना माझा ‘रे’ त्यांच्यापर्यंत पोचायचा आणि ते कळवळून म्हणायचे, “वर या, वर या.” मी वर जायचो तोवर ते खाली यायला निघालेले. लिफ्टच्या दारात दोन माणसांची चुकामूक व्हावी तसा आमचा सरगम. महिनाभराने दोघांनीही एकमेकांना दुसरीकडे वेळ ठरल्याचं सांगितलं.

शेवटी एका बाई नव्हे, ताईंनी घेतलं. वय 26 असेल. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना ताई. या नात्याला कुठल्याच वंशावळीत जागा नाही, पण क्लासात चालून जातं. अट एकच: बॅच साडेचारची. “सुरुवात म्हणजे सुरुवात, काका. मुलांबरोबरच बसावं लागेल.”

पहिल्या दिवशी सतरंजीवर सात मुलं आणि मी. मांडी घालताना माझा गुडघा वाजला. तो सुरात होता की नाही यावर मागे चर्चा झाली.

ताईंनी आधी माझी पट्टी, म्हणजे माझा ‘सा’ कुठल्या उंचीवर बसतो ते, शोधायला घेतली. पाश्चात्त्यांनी 1939 साली लंडनला परिषद भरवून ‘ए’ हा स्वर म्हणजे सेकंदाला 440 कंपनं, असं ठरवून टाकलंय. आपल्याकडे ‘सा’ ज्याचा त्याचा. खाली मंद्र सप्तकातल्या ‘प’पर्यंत आणि वर तार सप्तकात जरा तरी फिरता येईल, अशा बेताने तो गळा पाहून ठरवतात. मला ही व्यवस्था फार माणुसकीची वाटली. जगात एवढी एकच गोष्ट असेल जी माझ्या मापाने सुरू होणार होती.

ताईंनी पेटीवर ‘पांढरी एक’ ही पट्टी दाबली. “म्हणा, साऽ.” मी म्हटलं. त्यांची मान किंचित कलली. मग तिच्या लगतची काळी एक. “पुन्हा.” मी पुन्हा. परत पांढरी एक, परत काळी एक. त्यांचं बोट त्या दोन पट्ट्यांवर, हरवलेली किल्ली चाचपावी तसं, मागेपुढे फिरत राहिलं. भाता हलायचा थांबला. शेवटी त्या अत्यंत आदराने म्हणाल्या, “काका, तुमचा सा या दोघींच्या मधे आहे.”

मी वाकून पाहिलं. मधे फट होती.

“मग त्याची पट्टी?”

“पेटीत नसते.”

शेवटी काळी एक नक्की झाली. पुरुषी आवाजात त्या ‘सा’ला सेकंदाला साधारण 139 कंपनं. मी घरी ट्यूनरचं अ‍ॅप घेतलंय. त्यात एक काटा असतो. आपण गायलो की तो थरथरतो, आणि बरोबर मधे आला की हिरवा होतो. पहिल्या आठवड्यात एकदाच हिरवा झाला. मी तसाच दम धरून राहिलो, बायकोला हाक मारायचीही सोय नव्हती. मग लक्षात आलं की मी श्वास घ्यायला थांबलोय आणि काटा स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर स्थिर आहे.

पण खरी शिकवणी माझ्या शेजारी बसते. वय आठ, दोन वेण्या. ताई पलीकडे कुणाचे पलटे घेत असल्या की ही माझ्याकडे बघते. रागावून नाही, दुसऱ्याच्या चपलेची उलटी जोडी पाहावी तसं. “काका, तुमचा ग चढला.” मी उतरवतो. “आता फार उतरला.” एकदा मी वैतागून विचारलं, “तुला कसं कळतं गं?” तिला प्रश्नच समजला नाही. “ऐकू येतं ना,” ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात भूप राग सुरू झाला. भूप सोपा, असं सगळे सांगतात. बारापैकी पाचच स्वर: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, वर्ज्य. त्या संध्याकाळी मी ते दोन्ही लावले. ताई डोळे मिटून होत्या. त्यांनी ते उघडले नाहीत, नुसते अधिक घट्ट मिटले. माझ्या मुलीची आठवण झाली.

गेल्या आठवड्यात क्लासच्या वार्षिक कार्यक्रमाचे फॉर्म वाटले. सगळ्यांनी मिळून भूपातलं एक छोटं गीत म्हणायचंय. सात मुलं, मी, जागा पुन्हा पहिल्या रांगेत, कारण गुडघ्यांमुळे मला खुर्ची दिलीय आणि खुर्ची मागे ठेवली तर मी दिसत नाही. फॉर्मवर खाली रकाना होता: पालकाची सही. मी ताईंना म्हटलं, हा सोडतो. दोन वेण्या म्हणाल्या, “नाही, सगळ्यांना आणायची.”

म्हणून आईकडे गेलो. ती 76 वर्षांची आहे. तिने चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला, ‘काही आजार असल्यास’सुद्धा, आणि सावकाश सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, “बरं केलंस पुन्हा सुरू केलंस ते. शाळेत पहिल्या रांगेत उभा राहून काय गायचास! एवढ्या पोरांत तुझा आवाज मला बरोबर वेगळा ऐकू यायचा.”

मी नुसते ओठ हलवले.