सुटलेला झेल कुणाला जास्त छळतो?

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक विषय अधूनमधून हमखास वर येतो: आंतरशालेय फायनलला कॅच कुणी सोडला. ज्याने सोडला तो आज मोठ्या हुद्द्यावर असेल, त्याची पोरं कॉलेजात असतील, पण ग्रुपवर त्याची ओळख तीच. अशा समस्त जिवांसाठी एक जुना इंग्रजी सिनेमा सुचवतो. 'द बेस्ट ऑफ टाइम्स', १९८६ चा. रॉबिन विल्यम्स आणि कर्ट रसेल. त्या वेळी फारसा चालला नाही. तरी बघा.

कॅलिफोर्नियातलं टाफ्ट हे तेलविहिरींचं छोटं गाव. जिल्ह्याचं मोठं शहर बेकर्सफिल्ड. दोन्ही शाळांच्या फुटबॉल संघांत जुनी खुन्नस आणि टाफ्ट कधीच जिंकलेलं नाही. (हे आपलं फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हाताने फेकायचा आणि पळत्या गड्याने तो झेलायचा.) १९७२ च्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत टाफ्टचा हिरो रीनो हायटावर अचूक पास टाकतो, जॅक डंडीच्या थेट हातात. जॅक तो सोडतो. सामना बरोबरीत सुटतो. पुढची तेरा वर्षं जॅक बँकेत नोकरी करतो, संसार करतो, आणि डोक्यात तो एकच चेंडू घेऊन फिरतो. वर सासरा बेकर्सफिल्डचा कट्टर समर्थक. म्हणजे जखमेवर मीठ चोळायची सोय घरातच!

शेवटी जॅक ठरवतो की तोच सामना पुन्हा खेळायचा. तेच लोक, आता पोटं सुटलेले. गाव तयार होत नाही म्हटल्यावर पठ्ठ्या बेकर्सफिल्ड संघाचं बोधचिन्ह असलेल्या वाघाचा पोशाख चढवून स्वतःच्याच गावात धुडगूस घालतो, लोकांचा स्वाभिमान जागा व्हावा म्हणून. रॉबिन विल्यम्सने यात नेहमीची आतषबाजी केलेली नाही. जॅक विनोदी वाटतो तो त्याच्या चिकाटीमुळे. त्याला समोरचा कंटाळलाय हे कळतच नाही.

पण मला सिनेमा आवडतो तो रीनोसाठी. जॅकने पुन्हा खेळण्यात काय विशेष? त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही. फार तर पुन्हा सोडेल, आणि ते सगळ्यांना आधीच ठाऊक आहे. रीनोचं तसं नाही. गॅरेज डबघाईला आलंय, गुडघा गेलाय, बायको वैतागलीये. त्याच्याजवळ शिल्लक एकच गोष्ट: गावाला आठवणारा तो जुना रीनो. पुन्हा मैदानात उतरायचं म्हणजे तेवढीही पुंजी पणाला लावायची. तो टाळाटाळ करतो ती आळसाने नाही, भीतीने. आपल्याकडे सगळी सहानुभूती कॅच सोडणाऱ्याला मिळते, किंवा सगळ्या शिव्या. त्या काळी जो स्टार होता त्याच्याकडे कुणी बघत नाही. ग्रुपवर सगळ्यात गप्प कोण असतं, आठवून बघा.

कर्ट रसेलला ही भूमिका शिकवावी लागली नसणार. हा माणूस सत्तरच्या दशकात खरोखर बेसबॉल खेळायचा, खालच्या व्यावसायिक लीगमध्ये, आणि खांद्याच्या दुखापतीने ते संपलं. लेखक रॉन शेल्टनही त्याच वाटेने आलेला. बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल क्लबच्या खालच्या संघांतून खेळला, मुख्य संघापर्यंत कधी पोहोचला नाही. म्हणूनच या संवादांत खेळाडूंबद्दलचा भाबडा आदर नाही. थट्टा आहे, पण घरच्या माणसाने केलेली.

योगायोग बघा, हा सिनेमा आला त्याच वर्षी, १८ एप्रिल १९८६ ला, शारजात चेतन शर्माने शेवटचा चेंडू टाकला. पाकिस्तानला चार हवे होते, फुलटॉस पडला, मियांदादने सिक्स मारला. पुढच्याच वर्षी नागपुरात याच चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, वर्ल्ड कपच्या इतिहासातली पहिली, तिघेही त्रिफळाचीत. लोकांना काय आठवतं? शारजा. म्हणजे पुन्हा मैदानात उतरून काहीतरी अफाट केलं तरी जुना हिशेब मिटतोच असं नाही.

आणि इथेच माझी सिनेमाशी तक्रार आहे. शेवटी पुन्हा तोच पास, तोच जॅक, आणि या वेळी तो झेलतो. टाफ्ट जिंकतं. टाळ्या मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण ही पळवाट आहे. तेरा वर्षांचं खूळ एका झेलाने उतरतं, यावर माझा विश्वास नाही. असा माणूस दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन येईल त्या गिऱ्हाइकाला तोच झेल सांगत बसेल, पुढची तेरा वर्षं.

बायकांची बाजूही अर्धवटच राहते. दोघी नवऱ्यांना घराबाहेर काढतात, बरोबरच करतात. मग समेटाचं जेवण ठरतं, आणि नेमकी ती सोमवारची रात्र, टीव्हीवर फुटबॉल असण्याची. व्हायचं तेच होतं. सिनेमातला सर्वांत हसवणारा प्रसंग हाच. पण शेवटी दोघी प्रेक्षकांत बसून नवऱ्यांसाठी ओरडताना दिसतात, तेव्हा वाटतं की लेखकाला यांचं काय करायचं हे सुचलेलं नाही.

शेल्टनला स्वतःला तो शेवट कितपत पटला होता कोण जाणे. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याने 'टिन कप' केला. त्यातला गोल्फर यूएस ओपनच्या शेवटच्या होलवर सावध फटका मारायचा सोडून हट्टाने पाण्यापलीकडे मारत राहतो. चेंडूमागून चेंडू बुडतात, हातातली स्पर्धा जाते, आणि शेवटच्या उरलेल्या चेंडूवर फटका थेट होलमध्ये. त्या एका होलला बारा फटके. तिथे मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण तो शेवट मला जॅकच्या झेलापेक्षा कितीतरी पटला. दोन्ही एकाच शनिवार-रविवारी बघा. आधी जॅकचा, मग हा. उलट क्रमाने बघितलात तर जॅकवर चिडाल.