भिंत आहे, पण काढता येईल अशी

पुनर्विकासाचा नकाशा रविवारी कट्ट्यावर पसरला होता, चारी कोपऱ्यांवर चहाचे ग्लास ठेवून. लिफ्टच्या लॉबीपुढे दोन पायऱ्या दिसल्या आणि मी म्हटलं, "इथे रॅम्प हवा."

अण्णा म्हणाला, "एकास बाराचा उतार. फूटभर चढायला बारा फूट लांबी. म्हणजे एक गाडी गेली. तुझ्या आईसाठी मला पटतं रे, पण स्वतःचं पार्किंग कोण सोडणार? त्यापेक्षा ज्यांना गरज आहे त्यांना तळमजला द्या."

"तळमजल्यावर पार्किंग आहे, अण्णा. घरं पहिल्या मजल्यापासून सुरू होतात," बाळ्या म्हणाला. तो आर्किटेक्टकडे ड्रॉइंग करतो. "गाड्यांच्या मधली वाटच वीस फुटांत फूटभर चढवत लॉबीला नेली, तर पायऱ्याही नकोत, वेगळा रॅम्पही नको. आज रेघ बदलायची आहे. नंतर काँक्रीट फोडायला लागेल."

खरी जुंपली ती बाथरूमवरून. आईची चाकाची खुर्ची 65 सेंटिमीटर रुंद, आमचं बाथरूमचं दार दोन फुटी. खुर्ची दाराशी थांबते, पुढे मी आईला उचलून नेतो. चार वर्षं झाली. ती दुपारनंतर पाणी पीत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

खुर्ची वळायला पाच फुटांची मोकळी जागा लागते. ती मिळवायचा स्वस्त मार्ग म्हणजे संडास-बाथरूम एकत्र करणं. मास्तर उसळले. "आम्ही पाच माणसं वन बीएचकेत. सकाळी सातला एक आत गेला की चौघं बाहेर ताटकळणार? आणि जागा वाढवायची तर ती स्वयंपाकघरातूनच जाणार ना?"

मास्तरांचं खोटं नव्हतं. मी गप्प बसलो.

बाळ्याने दोन्हींमधली भिंत बोटाने दाखवली. "ही चार इंची आहे, इमारतीचं वजन घेत नाही. हिच्यात नळ-पाइप घालू नका. दोन्हीकडची फरशी एका पातळीत ठेवा, वॉटरप्रूफिंग भिंतीखालूनही सलग करा. मास्तर, तुमच्याकडे भिंत राहू दे. ज्याला लागेल तो काढेल."

"आणि उंबरा?" मी विचारलं.

"तोही नको. नहाणीकडे उतार दिला की पाणी बाहेर येत नाही."

यात उपकार कसला? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहकारी संस्थाही येतात. 2024च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की सुगम्यतेची किमान मानकं सक्तीची हवीत, नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत. अण्णा म्हणाला, "कायदा मला नको सांगूस, दार किती ते सांग."

"आत मोकळे 90 सेंटिमीटर. चौकट धरून सव्वातीन फूट."

अण्णाने पेन काढून आधी स्वतःच्या फ्लॅटच्या बाथरूमवर तो आकडा लिहिला, मग बाकीच्यांवर. मधल्या वाटेच्या उताराला तो अजून तयार नाही. बुधवारी सभा आहे, बाळ्या तोवर दोन्ही नकाशे काढून आणतोय.